कंपवाताचा वास ओळखणारी नर्स

रोगाला वास असतो, हे वैद्यकाला नवीन नाही. मधुमेह हाताबाहेर गेला की रुग्णाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो. १९७१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी माणसाच्या श्वासात सुमारे २५० पदार्थ असल्याचे दाखवले. १९८२ मध्ये वॉरिक विद्यापीठात कृष्ण पर्सौद आणि जॉर्ज डॉड यांनी मोजक्या सेन्सरच्या एकत्रित प्रतिसादावरून वास ओळखणारे 'इलेक्ट्रॉनिक नाक' तयार केले. पण यंत्राने हुंगायचे तरी काय? कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) बाबतीत ते दाखवून दिले स्कॉटलंडमधल्या पर्थच्या जॉय मिल्न या निवृत्त नर्सने.

त्यांचे पती लेस डॉक्टर होते. तिशीतच त्यांच्या अंगाला कस्तुरीसारखा उग्र वास येऊ लागला. जॉय त्यांना नीट अंघोळ करा म्हणून सांगत राहिल्या. कंपवाताचे निदान झाले ते सुमारे बारा वर्षांनी. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्यात तोच वास इतर रुग्णांच्या अंगालाही येत असल्याचे जॉय यांच्या लक्षात आले. २०१२ मध्ये एडिंबरा विद्यापीठाचे संशोधक टिलो कुनाथ यांना त्यांनी याबद्दल भर सभेत विचारले. तेव्हा तो प्रश्न तसाच राहिला. एका नर्सचे निरीक्षण किती सहज बाजूला पडू शकते, याची मला आजही चुटपुट वाटते.

नंतर मात्र कुनाथ यांनी त्यांना शोधून काढले. सहा रुग्ण आणि सहा निरोगी लोकांनी घातलेले टी-शर्ट त्यांना हुंगायला दिले. जॉय यांनी सातजण आजारी असल्याचे सांगितले. एक चुकला, असे सगळ्यांना वाटले. त्या 'निरोगी' माणसाला आठ महिन्यांनी कंपवाताचे निदान झाले!

वास काखेत नव्हता, कॉलरपाशी आणि पाठीच्या वरच्या भागात होता. म्हणजे घामाचा नव्हे, त्वचेतून झिरपणाऱ्या तेलाचा. मँचेस्टर विद्यापीठाच्या पर्डिटा बॅरन यांनी त्या तेलातले घटक वेगळे केले. ते यंत्रातून एकामागून एक बाहेर पडत असताना जॉय नळीशी नाक लावून नेमका कुठला वास ओळखीचा, ते सांगत. २०१९ मध्ये ते घटक प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये पाठीवरून कापसाचा बोळा फिरवून घेतलेला नमुना काही मिनिटांत तपासण्याची पद्धत आली.

हात थरथरू लागतात तोवर मेंदूतल्या डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारे रसायन) बनवणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो, म्हणून या आधीच्या वर्षांना मोल आहे. झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणाऱ्यांपैकी अनेकांना पुढे कंपवात होतो. मँचेस्टरच्या गटाने आता अशा लोकांच्या त्वचेवरचे तेल तपासायला घेतले आहे.