ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट आली कुठून?

पुसद-दारव्ह्याकडची कितीतरी पोरं-पोरी लॉकडाऊनपासून गावातल्या घरूनच सॅपचं, म्हणजे कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम करतात. कॉलेजात गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकून आलेली ही मंडळी आधी कोडची फाईल शोधत बसतात. ती नसतेच.

सॅप कंपनी 1972 मध्ये जर्मनीत सुरू झाली. आयबीएमच्या पाच माजी इंजिनिअरांनी ती काढली. त्याच साली बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी असंच बदल नोंदवणारं एससीसीएस लिहिलं. मग आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन आणि 2005 मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांचं गिट. या सगळ्यांना फाईलमधल्या ओळींचा हिशेब ठेवायचा होता.

सॅपची अडचण वेगळी होती. 1992 च्या आर/3 या सॅपच्या आवृत्तीत अबॅप (सॅपची प्रोग्रामिंग भाषा) प्रोग्राम, टेबलांची रचना, सेटिंग असं सगळं डेटाबेसमध्येच. ज्यावर कारखान्याचा पगार आणि माल चालतो, त्यात कुणी थेट हात घालू नये, म्हणून डेव्हलपमेंट (कोड लिहायची), क्वालिटी (तपासायची) आणि प्रॉडक्शन (प्रत्यक्ष कामाची) अशा सिस्टिम वेगळ्या ठेवायच्या, आणि बदल पुढे न्यायचा तो ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टमधून, म्हणजे बदलांच्या नोंदवलेल्या गठ्ठ्यातून. आपल्याकडचा फेरफार आठवा. पटवारी नोंद घेतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, तेव्हा कुठे सातबारा बदलतो.

सॅपमधला रिक्वेस्टचा स्क्रीन, एसई09, उघडा. समजा, रिक्वेस्टचा नंबर डीईव्हीके900123 आहे. त्यात घेतलेला प्रोग्राम रिक्वेस्ट रिलीज होईपर्यंत, म्हणजे पुढे पाठवायला मोकळी होईपर्यंत, लॉक राहतो, दुसऱ्याला त्याला स्वतंत्र रिक्वेस्टमध्ये घेता येत नाही. रिलीज केलं की सर्व्हरवर दोन फाईली पडतात: कोफाईल्स फोल्डरमध्ये के900123.डीईव्ही, डेटा फोल्डरमध्ये आर900123.डीईव्ही. पुढच्या सिस्टिममध्ये टीपी नावाचा प्रोग्राम त्या चढवतो. जुनं व्हर्जनही साधारण रिलीजच्या वेळीच जपलं जातं, मधल्या चार दिवसांतली खोडाखोड आपोआप राहत नाही. गिटची सवय असलेल्यांना हे फार जाचतं, आणि त्यांचं चुकत नाही.

खरी मेख क्रमात आहे. टेबलातलं नवं फील्ड एका रिक्वेस्टमध्ये, ते वापरणारा प्रोग्राम दुसरीत. दुसरी आधी चढली की इम्पोर्टच्या लॉगमध्ये रिटर्न कोड 8, म्हणजे चूक. कोणती आधी, कोणती नंतर, हे टीमलाच सांभाळावं लागतं.

गावाकडे याचा आणखी एक परिणाम दिसतो. नेट गेलं तरी गिटमध्ये कमिट (बदलाची नोंद) आपल्या लॅपटॉपवर होते. सॅपमध्ये कोडच सर्व्हरवर, त्यामुळे लाईन जाऊन टॉवर बंद पडला की हात बांधले जातात. सर्व्हरवर सुरू झालेलं इम्पोर्ट मात्र आपल्यावाचून चालू राहतं.

ही दरी बुजवायला 2014 मध्ये लार्स ह्वाम यांनी अबॅपगिट सुरू केलं. अबॅपच्या वस्तू (प्रोग्राम, टेबलांची रचना वगैरे) फाईलरूपात गिटमध्ये नेण्याची सोय त्याने झाली. सॅपने गिटवर चालणारं स्वतःचं साधन, जीसीटीएस, एस/4हाना 1909 या सॅपच्या नव्या आवृत्तीसोबत दिलं. तिथे बदल फाईलींऐवजी गिटच्या रिपॉझिटरीतून (कोडच्या साठ्यातून) पुढच्या सिस्टिममध्ये जातो. तरीही डेव्हलपर आधी रिक्वेस्टच उघडतो आणि ती रिलीज झाली की कमिट होते.