सीएमआयपी-६चा हवामान डेटा कुणाला मिळतो, कागदं काय लागतात, कसा काढायचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची भूगोल, सिव्हिल, ॲग्रीची बरीच पोरं प्रोजेक्टला पावसाचा विषय घेतात आणि पहिलंच विचारतात की परवानगी कुणाची, आमचे दाखले कन्नडात, ते चालतील का. दाखला कुणी मागतच नाय. रहिवासी नको, उत्पन्नाचा नको, कॉलेजचं पत्र नको, फी पण नाय.

सीएमआयपी म्हणजे हवामान मॉडेलांची तुलना करायचा उपक्रम, १९९५ पासून चालू आहे, जागतिक हवामान संशोधन कार्यक्रमाखाली, आणि ६ म्हणजे त्याची सहावी फेरी. जगभरातल्या संस्था आपापल्या मॉडेलवर, म्हणजे हवामानाचं गणित करणाऱ्या संगणक प्रोग्रामवर, एकच प्रयोग त्याच अटींवर चालवतात, म्हणून उत्तरं शेजारी ठेवून बघता येतात.

पात्रता कडक आहे ती मॉडेलवाल्यांना. संस्था आणि मॉडेलचं नाव आधी नोंदवायचं, मग समुद्राचं प्रत्यक्ष तापमान देऊन एक रन (म्हणजे मॉडेल एकदा चालवणं), कारखानदारीच्या आधीची हवा धरून निदान ५०० वर्षांचा एक, कार्बन डायऑक्साइड एकदम चौपट करून एक, दरवर्षी एक टक्का वाढवत एक, आणि वरून १८५० ते २०१४चा इतिहास, हे सगळं ठरलेल्या फॉरमॅटमध्ये द्यायचं. पुण्याच्या आयआयटीएमचं (हवामान संशोधन संस्थेचं) मॉडेल हे सगळं करून आत गेलंय, भारतातलं पहिलं, आणि मला त्याचा खरंच अभिमान वाटतो.

आपलं काम सोपं. ईएसजीएफ, म्हणजे हा डेटा जिथं ठेवलाय ती वेबसाइट, तिच्या सर्चमध्ये सीएमआयपी-६ निवडा, प्रयोग 'हिस्टॉरिकल' (वरचा १८५० ते २०१४चा इतिहास), पावसासाठी व्हेरिएबल 'पीआर', महिन्याचा किंवा रोजचा टेबल. फाईल नेटसीडीएफ नावाच्या फॉरमॅटमध्ये येते, एक्सेलच्या नादी लागू नका, पायथन शिका. पाऊस सेकंदाच्या हिशोबात असतो, ८६४००ने गुणलं की दिवसाचे मिलिमीटर मिळतात, हे राहिलं की आकडे बघून पोरं घाबरतात. डाउनलोडच्या आधी त्या मॉडेलची चुकांची यादी, इराटा, बघून घ्या.

आता आपल्या भागाची खरी अडचण. बऱ्याच मॉडेलचा एक चौकोन शंभर किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे कणकुंबीचा धो धो पाऊस आणि गोकाकचं कोरडं रान एकाच चौकोनात येऊ शकतं आणि दोन्हीचा मिळून एकच आकडा मिळतो, त्यावरून मलप्रभेच्या उगमाचा पाऊस सांगायला जाल तर चुकणारच. म्हणून तो आकडा सरळ रिपोर्टात टाकू नका, आयएमडी (भारतीय हवामान विभाग) पुण्याचा पाव अंशाचा, म्हणजे साधारण २५ किलोमीटरच्या चौकोनाचा, पावसाचा डेटा फुकट मिळतो, १९०१ पासूनचा, त्याच्याशी आधी ताडून बघा. आणि एकाच मॉडेलवर कधीच थांबू नका, निदान चारपाच घ्या, कारण घाटाच्या पावसावर त्यांचं एकमेकांशी पटत नाय आणि ते किती पटत नाय हेच तुमच्या प्रोजेक्टचं उत्तर असू शकतं.

कागद म्हणाल तर एकच, तो पण शेवटी द्यायचा: लायसन्स प्रत्येक फाईलच्या आतच लिहिलेलं असतं, ते वाचा आणि वापरलेल्या प्रत्येक मॉडेलचं सायटेशन डीओआयसकट (डेटाचा कायमचा ऑनलाइन ओळख नंबर) रिपोर्टात घाला.