तुमची अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर वर्षाला किती करतात?

घरात कुणाची अँजिओप्लास्टी ठरली की खर्च किती, स्टेंट कुठला, डिस्चार्ज कधी एवढं आपण विचारतोच. पण जे डॉक्टर करणार ते वर्षाला अशा किती केसेस करतात हे विचारायची हिंमत फार कमी लोकांना होते. मला वाटतं बिनधास्त विचारावं, फक्त उत्तराचा अर्थ कसा लावायचा हेही माहीत हवं, कारण हा आकडा दिसतो तेवढा सरळ नाहीये.

१६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा एका शुद्धीवर असलेल्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत बारीक फुगा फुगवून ब्लॉकेज उघडलं. त्यानंतर बरीच वर्षं स्टेंट नव्हतेच, सगळा खेळ फुग्यावर. कधी रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटायचं, कधी फुगा काढल्यावर तीच नळी अचानक बंद पडायची आणि पेशंटला तसंच उचलून इमर्जन्सी बायपासला न्यावं लागायचं. त्या काळातला न्यूयॉर्क राज्याचा डेटा आहे, १९९१ ते १९९४ मधले ६२,६७० पेशंट, अभ्यास छापून आला १९९७ मध्ये. एकूण ०.९० टक्के पेशंट हॉस्पिटलमध्येच दगावले होते, पण वर्षाला ७५ पेक्षा कमी केसेस करणाऱ्या डॉक्टरांकडे, पेशंट किती आजारी होते ते हिशोबात धरूनसुद्धा, हेच प्रमाण १.०३ टक्के निघालं. त्याच ॲडमिशनमध्ये बायपास करावी लागण्याचं प्रमाण एकूण ३.४३ टक्के आणि यांच्याकडे ३.९३. वर्षाला ६०० पेक्षा कमी करणारी हॉस्पिटलंही अशीच मागे पडली, म्हणजे डॉक्टरच्या हाताइतकीच कॅथलॅबमधली (जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतली) नर्स, टेक्निशियन, आयसीयू या सगळ्यांची सवय कामाला येते.

पुढे स्टेंट आले, औषधं सुधारली, इमर्जन्सी बायपास खूप कमी झाली. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्था आधी वर्षाला किमान ७५ केसेस सांगायच्या, २०१३ मध्ये तो आकडा ५० वर आणला. मग २०१७ मध्ये एक प्रचंड मोठा अभ्यास आला, २००९ ते २०१५ मधल्या ३७ लाखांहून जास्त प्रोसिजर्स आणि १०,४९६ डॉक्टर, आणि त्यातले ४४ टक्के डॉक्टर वर्षाला ५० सुद्धा करत नव्हते! त्यांच्या पेशंटमधलं मृत्यूचं प्रमाण १.८६ टक्के, शंभरच्या वर करणाऱ्यांकडे १.४८. हजार पेशंटमागे साधारण चार जणांचा फरक. पेशंटचं वय, आजार वगैरे धरल्यावर तो कमी झाला, पण पुसला गेला नाही.

आता ब्रिटन बघा. तिथे २०१३-१४ मधल्या १ लाख ३३ हजारांहून जास्त केसेस तपासल्या तर डॉक्टरच्या आकड्याचा आणि ३० दिवसांतल्या मृत्यूंचा काहीच संबंध दिसला नाही. मग अमेरिकेतलं खोटं का? तर नाही, ब्रिटनमध्ये डॉक्टरांना केसेसच्या संख्येप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधे येणारा डॉक्टरच वर्षाला १७८ केसेस करत होता, अगदी कमी करणारे जवळपास नव्हतेच, त्यामुळे फरक दिसणार कुठून. मी याचा अर्थ असा लावतो की एका पातळीच्या खाली धोका वाढतो आणि त्या पातळीच्या वर गेल्यावर १५० की ३०० याने फारसं बिघडत नाही.

आणि नुसता मृत्यूचा आकडा बघून डॉक्टर निवडणं तर फारच धोक्याचं. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांचे रिझल्ट जाहीर व्हायचे, मिशिगनमध्ये नाही. २००५ मध्ये दोन्हींची तुलना झाली तेव्हा कळलं की मिशिगनमध्ये अँजिओप्लास्टी झालेल्यांत २.५६ टक्के पेशंट शॉकमध्ये होते, म्हणजे हृदय शरीराला पुरेल इतकं रक्त पंप करू शकत नाही अशा अवस्थेत, आणि न्यूयॉर्कमध्ये फक्त ०.३८ टक्के. न्यूयॉर्कचे मृत्यू कमी दिसत होते, पण पेशंटचा आजार हिशोबात धरल्यावर फरक उरलाच नाही. ज्या पेशंटला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच हात लावायला डॉक्टर कचरत असावेत, हे मला अजूनही अस्वस्थ करतं. शेवटी न्यूयॉर्कने अतिगंभीर शॉकच्या केसेस रिपोर्टमधून वगळल्या.

हार्ट अटॅक चालू असेल तर मात्र आकडे विचारत बसू नका, चोवीस तास कॅथलॅब चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठा, अशा वेळी एकेक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

अनुभवाचा खरा कस लागतो अवघड केसमध्ये. लेफ्ट मेन म्हणजे डावीकडची मुख्य रक्तवाहिनी, हृदयाच्या मोठ्या भागाला रक्त तिच्यातूनच जातं आणि काम चालू असताना ती बंद पडली तर सावरायला वेळच मिळत नाही. बीजिंगच्या फुवाई हॉस्पिटलमध्ये लेफ्ट मेनमध्ये स्टेंट टाकलेल्या १,९४८ पेशंटचा अभ्यास झाला, डॉक्टर २५. जे सलग तीन वर्षं तरी दरवर्षी किमान १५ लेफ्ट मेन करत होते त्यांच्या पेशंटमध्ये तीन वर्षांनंतरही हृदयविकाराने झालेले मृत्यू कमी होते. इथे एकूण अँजिओप्लास्टी किती केल्या यापेक्षा हीच केस किती वेळा केली ते महत्त्वाचं. म्हणून लेफ्ट मेनचं ब्लॉकेज असेल आणि पेशंट स्थिर असेल तर सरळ विचारा की लेफ्ट मेनच्या वर्षाला किती करता, रक्तवाहिनी आतून बघायला आयव्हस, म्हणजे रक्तवाहिनीच्या आत घालायची बारीक सोनोग्राफी, वापरणार का, आणि बायपासच्या सर्जनशी यावर बोलणं झालंय का.