नोटेशनच्या फायलींची यादी करून घेण्याआधी एवढं वाचा

शाळेचा बँड, चर्चचं क्वायर, पियानोचा क्लास, कुणाकडेही काही वर्षांत स्टाफ नोटेशनच्या, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेल्या संगीताच्या, फायलींचा ढीग साठतो. नावं बहुधा 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन 2'. आत कोणती रचना आहे, कुणाची, कोणत्या वाद्यांसाठी, हे प्रत्येक फाईल उघडल्याशिवाय कळत नाही. आमचं सॉफ्टवेअर ही उघडझाक वाचवतं. शीर्षक, संगीतकार, गीतकार, अरेंजर, वाद्यं, स्केल, टाइम सिग्नेचर, बारची संख्या आणि हक्कांची नोंद असं सगळं फाईलमधून काढून एक्सेलमध्ये मांडतं. एका फाईलची एक ओळ.

पानावर एक, आत दुसरं

सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते इथे. म्युझिकएक्सएमएल हा नोटेशन साठवण्याचा, 2004 पासूनचा खुला फॉरमॅट. त्याची एमएक्सएल फाईल म्हणजे खरं तर झिप. ती सोडवली की आत साधा मजकूर मिळतो. त्यात शीर्षकासाठी 'वर्क-टायटल' आणि 'मूव्हमेंट-टायटल' असे दोन रकाने आहेत, संगीतकारासाठी 'क्रिएटर' आहे. मात्र पानाच्या माथ्यावर ठळक दिसणारं नाव 'क्रेडिट' या तिसऱ्याच जागी असतं आणि ते फक्त छपाईपुरतं असतं. म्युझस्कोर या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच गत. गेल्या नाताळची फाईल 'सेव्ह अ‍ॅज' करून पानावरचं शीर्षक बदललं, तरी प्रॉपर्टीजमध्ये जुनंच नाव राहू शकतं. म्हणून आम्ही दोन्ही नावं शेजारी-शेजारी देतो आणि जुळत नसतील तर रकाना पिवळा करतो. आमचा कल पानावरच्या नावाकडे असतो, कारण ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. निर्णय अर्थात तुमचा.

स्केल कुठून घेतो

बँडवाल्यांनी हे जरूर वाचावं. फाईलमध्ये स्केलचं नाव असेलच असं नाही; शार्प-फ्लॅटची संख्या मात्र असते. उणे 3 म्हणजे तीन फ्लॅट, म्हणजे ई फ्लॅट मेजर किंवा सी मायनर. शिवाय ही संख्या प्रत्येक वाद्याची वेगळी असू शकते. रचना ई फ्लॅट मेजरमध्ये असेल तर बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या पार्टमध्ये एकच फ्लॅट दिसतो, कारण तो पार्ट एक सूर वर लिहिलेला असतो. नुसता पहिला पार्ट वाचणारं सॉफ्टवेअर अशा वेळी बिनदिक्कत 'एफ मेजर' सांगून मोकळं होतं. आम्ही ट्रान्सपोझिशनची, म्हणजे पार्ट किती वर-खाली लिहिलाय याची, नोंद धरून खरं स्केल काढतो. मेजर की मायनर हे फाईलमध्ये नसेल तर अंदाज न करता रकाना रिकामा ठेवतो.

मराठी शीर्षकं

श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं शीर्षक पानावर नीट दिसतं, यादीत मात्र निरर्थक रोमन अक्षरं उमटतात. फाईल बिघडलेली नसते. यादीच्या रकान्यात फक्त अक्षरं येतात, फॉन्ट मागेच राहतो. कोणता फॉन्ट वापरला होता ते कळवलंत की युनिकोडमध्ये बदलून देतो. सुरांखालचे गाण्याचे बोलही त्याच फॉन्टमध्ये असतील तर तेही बदलावे लागतात. ते काम वेळखाऊ आहे, त्याचा दर वेगळा.

नावांचंही तसंच. 'जे. एस. बाख', 'बाख, योहान सेबास्टियन' आणि 'बाख (1685–1750)' हे एक्सेलला तीन संगीतकार वाटतात. एकत्र करण्याआधी आम्ही तुम्हाला जोड्या दाखवतो, कारण बाख घराण्यात संगीतकार पुष्कळ होते!

कोणत्या फायली पाठवाव्यात

म्युझिकएक्सएमएल आणि म्युझस्कोर उत्तम. मिडीमधून, म्हणजे सूर वाजवण्याच्या सूचनांच्या फाईलमधून, टेम्पो, टाइम सिग्नेचर, ट्रॅकची नावं मिळतात. संगीतकाराच्या नावासाठी त्यात ठरलेली जागाच नाही. पीडीएफमध्ये 'ऑथर' म्हणून पुष्कळदा संगणकाच्या मालकाचं नाव निघतं, आणि स्कॅन केलेल्या पानात तर फक्त चित्र असतं. फिनाले, सिबेलियसच्या फायली त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून म्युझिकएक्सएमएल करून पाठवा. फिनालेचा विकास ऑगस्ट 2024 मध्ये थांबवण्यात आला, तेव्हा ते ज्या संगणकावर चालतंय तो धड आहे तोवर हे उरकून घ्या.

हक्कांचा रकाना रिकामा आला म्हणजे रचना मोकळी झाली असं नव्हे. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, आणि अरेंजमेंटचा हक्क वेगळा असू शकतो.

फायलींची नावं न बदलता, फोल्डर आहेत तसे झिप करून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट नकोत. मूळ फायलींना आम्ही हात लावत नाही. दुरुस्त माहिती परत फाईलमध्ये भरायची असेल तर ती प्रतीवर भरतो, तीही तुम्ही पिवळे रकाने तपासून होकार कळवल्यावर. आधी वीसेक फायली नमुन्यादाखल पाठवा. त्यात सगळ्यात गोंधळाच्या फायली नक्की घाला, म्हणजे दर नीट सांगता येईल.