ओली की सुकी: डच अळंबीबंदीची पार्श्वभूमी

नेदरलँड्समध्ये १ डिसेंबर २००८ पासून भ्रम निर्माण करणाऱ्या अळंबीच्या विक्रीवर बंदी आहे. तरीही त्याच प्रजातीतल्या काही बुरशींच्या जमिनीखाली धरणाऱ्या, अक्रोडाच्या गरासारख्या दिसणाऱ्या गाठी तिथल्या दुकानांत 'ट्रफल' या नावाने राजरोस विकल्या जात राहिल्या. ही विसंगती उमगायची असेल, तर बंदीच्या दिवसापेक्षा त्याआधी चाललेला शब्दांचा वाद पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. अशा अळंबीला दारूसारखे वागवावे, म्हणजे सरसकट बंदीऐवजी नियम घालून विकू द्यावे, ही मागणीही त्या वादाच्या उजेडात तपासता येते.

मेक्सिकोच्या ओआहाका भागात ही अळंबी विधींमध्ये पूर्वापार खाल्ली जात असे. तिच्यातले भ्रम निर्माण करणारे सायलोसायबिन हे द्रव्य १९५८ साली एका स्विस औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत वेगळे काढण्यात आले, आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ते सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीत घातले. त्या यादीत नाव आहे ते द्रव्याचे, अळंबीचे नव्हे. सगळा गुंता तिथून सुरू झाला.

१९९० च्या दशकात डच शहरांतली 'स्मार्ट शॉप' दुकाने ताजी अळंबी प्लास्टिकच्या डब्यांतून विकू लागली. हा निसर्गात उगवणारा माल आहे, निषिद्ध द्रव्यापासून बनवलेला पदार्थ नव्हे, असे दुकानदारांचे म्हणणे होते. तर वाळवणे, दळणे किंवा पुड्या बांधणे ही प्रक्रियाच असल्याने असा माल बेकायदा ठरतो, असे सरकारी पक्ष मांडत होता. अडचण अशी की ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते आणि ती नुसती उघड्यावर ठेवली तरी आपोआप सुकते. मग कायदा मोडला कधी, आणि कोणी? ओला बोंबील वेगळा आणि सुका वेगळा, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. पण बोंबील सुकला म्हणून कोणावर खटला भरला जात नाही. अखेर २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वाळवलेली अळंबी बेकायदा ठरवली आणि ताजी अळंबी सुटली. ब्रिटनमध्येही असाच भेद काही वर्षे चालला. तो जुलै २००५ मध्ये कायदा करून मिटवण्यात आला.

मार्च २००७ मध्ये फ्रान्सहून अॅमस्टरडॅमला आलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा अळंबी खाल्ल्यानंतर इमारतीवरून पडून मृत्यू झाला आणि चर्चेचा सूरच पालटला. सरकारच्याच तज्ज्ञ सल्लागारांनी या अळंबीचे व्यसन लागत नाही, धोका एकंदरीत कमी आहे आणि विक्रीवर नियंत्रण पुरेल, असा अभिप्राय दिला होता. अॅमस्टरडॅममधल्या तक्रारींत परदेशी पर्यटकांचा भरणा मोठा होता. शहर प्रशासनाने तीन दिवसांच्या प्रतीक्षेची सूचना मांडली: ग्राहकाने मागणी नोंदवावी, माहिती वाचावी आणि तीन दिवसांनी माल न्यावा. शनिवार-रविवारपुरत्या आलेल्या पर्यटकाला अळंबी मिळालीच नसती आणि स्थानिक ग्राहकाला फारसा त्रास झाला नसता. अळंबीला दारूसारखे वागवावे, या मागणीला व्यवहारात इतके नेमके रूप क्वचितच मिळाले असेल. उलट, दारूसाठी अशी अट कोणी कधी सुचवली नव्हती, आणि त्या काळी तिथे बिअर १६ व्या वर्षी मिळत असे.

सूचना मागे पडली आणि बंदी आली. मात्र कायद्याच्या परिशिष्टात अळंबीच्या जाती एकेक करून नावानिशी लिहिल्या गेल्या, आणि जमिनीखालच्या गाठी म्हणजे छत्री नव्हे, या आधारावर ट्रफल बाहेर राहिले. जुन्या ओल्या-सुक्याची जागा आता वर-खाली या भेदाने घेतली.

नंतर अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या मतदारांनी २०२० मध्ये तिसरी वाट निवडली. तिथे २१ वर्षांवरील व्यक्तीला परवानाधारक केंद्रात, प्रशिक्षित सोबत्याच्या देखरेखीखाली सायलोसायबिन घेता येते, पण ते घरी नेता येत नाही.

भारतातही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत नाव द्रव्याचेच आहे. जप्त अळंबीचे सगळे वजन धरायचे की केवळ आतल्या द्रव्याचे, यावर आरोपीला जामीन मिळणे अवलंबून असते. केरळमधल्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन देताना म्हटले की निसर्गतः उगवलेली अळंबी हे कायद्याच्या अर्थाने 'मिश्रण' नव्हे, म्हणजेच तिचे सगळे वजन द्रव्याचे म्हणून धरता येत नाही.