बलस्थानं: ओळख, कामातला वापर आणि मुलाखत

बलस्थान म्हणजे एखादं काम सातत्याने चांगलं करून दाखवायची माणसाच्या अंगची क्षमता, आणि काही अभ्यासकांच्या मते ते काम करताना येणारा हुरूपसुद्धा त्यातच धरायचा. हा दुसरा भाग सगळे धरत नाहीत. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण आणि सल्ला संस्थेच्या परंपरेत भर कामगिरीवर आहे, म्हणजे एखादी गोष्ट दरवेळी जवळजवळ बिनचूक जमते का एवढंच बघतात, तर ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स लिन्ली हुरूप व्याख्येतच घालतात. व्यवहारात लिन्लींची व्याख्या जास्त कामाची वाटते, कारण जमतं पण नकोसं होतं अशी कामं प्रत्येकाकडे असतात आणि ती आपली जमेची बाजू म्हणून सांगत बसलं की नेमकी तीच गळ्यात पडतात.

उगमाबद्दलचे वाद

व्यवस्थापनशास्त्रात पीटर ड्रकर (१९०९–२००५) यांचं नाव आधी घेतात. नेमणूक माणसाला काय येतं ते बघून करावी, त्याच्यात काय कमी आहे ते बघून नाही, हे त्यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं. पण आत्मभानाच्या दृष्टीने त्यांचा १९९९ चा लेख जास्त महत्त्वाचा, कारण त्यात त्यांनी एक साधी पद्धत दिलीय: महत्त्वाचा निर्णय घेताना किंवा मोठं काम हातात घेताना पुढे काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं, आणि ९ ते १२ महिन्यांनी प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी ताडून बघायचं. दोन-तीन वर्षं हे नेटाने केलं की आपल्याला खरोखर काय जमतं ते दिसायला लागतं असं ते म्हणतात. स्वतःबद्दल त्यांना कळलं ते असं की इंजिनियर, अकाउंटंट, मार्केट रिसर्चवाले अशा तांत्रिक लोकांशी त्यांचे सूर चटकन जुळायचे, सगळ्यातलं थोडं थोडं जाणणाऱ्या माणसांशी मात्र तसे जुळत नव्हते. आणि हे त्यांना आधी माहीत नव्हतं, लिहून ताडल्यावरच कळलं.

वाद आहे तो या पद्धतीच्या मुळाचा. ड्रकर यांच्या म्हणण्यानुसार ती १४ व्या शतकातल्या एका अपरिचित जर्मन धर्मशास्त्रज्ञाने काढली आणि पुढे साधारण दीडशे वर्षांनी धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन आणि जेझुइट पंथाचे संस्थापक लॉयोलाचे इग्नेशियस या दोघांनी ती स्वतंत्रपणे उचलली. त्या धर्मशास्त्रज्ञाचं नाव मात्र त्यांनी दिलेलं नाही. इग्नेशियस यांच्या साधनापद्धतीला (पोपची मान्यता १५४८) रोजच्या आत्मपरीक्षणाची जोड आहे हे खरं, पण तिथे दिवसभरातलं वागणं, चुका आणि कृतज्ञता यांचा आढावा असतो, आधी अंदाज लिहायचा आणि नंतर निकालाशी लावून बघायचा असा भाग त्यात ठळक दिसत नाही. शिवाय रोज रात्री दिवसाचा हिशोब घ्यायची सवय त्याहून कितीतरी जुनी आहे, रोमन विचारवंत सेनेका पहिल्या शतकात ती स्वतःची म्हणून सांगतो आणि त्याच्या आधीच्या सेक्स्टियस या तत्त्वज्ञाकडून घेतल्याचं नोंदवतो. त्यामुळे आत्मपरीक्षणाची परंपरा जुनी, पण अंदाज आणि निकाल समोरासमोर ठेवायची चौकट बहुधा ड्रकर यांचीच, असं धरणं जास्त सुरक्षित.

मानसशास्त्राच्या बाजूने डोनाल्ड क्लिफ्टन (१९२४–२००३) हे नाव येतं. नेब्रास्का विद्यापीठात शिकवत असताना, माणसात बिघाड काय झालाय याऐवजी चांगलं काय आहे याचा अभ्यास का होऊ नये, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. त्यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९८८ मध्ये गॅलप विकत घेतली, आणि त्यांची ३४ गुणवैशिष्ट्यांची ऑनलाइन चाचणी २००१ पासून सर्वदूर पोचली. २००२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने बलस्थानाधारित मानसशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला.

या प्रवाहात नेब्रास्कातल्या १९५० च्या दशकातल्या एका वाचन-प्रयोगाचा दाखला सतत दिला जातो: प्रशिक्षणानंतर साधारण वाचक मिनिटाला ९० शब्दांवरून १५० वर गेले, तर मुळात चांगले वाचणारे ३५० वरून थेट २९०० वर, म्हणजे जे आधीच जमतं त्यावर मेहनत घेतली की वाढ अनेकपटीने होते असा निष्कर्ष. आकडा डोळ्यात भरतो, पण जपून घ्यायला हवा. मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून इंग्रजी माहितीपर मजकुराच्या मूक वाचनाचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २३८ शब्द काढलाय, आणि कीथ रेनर व सहकाऱ्यांचा २०१६ चा आढावा सांगतो की वेग फार वाढवला की समज कमी होते, माणूस वाचत नाही, चाळतो. म्हणजे २९०० हा आकडा वाचनाचा म्हणून धरणं कठीण. बलस्थानांवर काम करावं हा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही, फक्त त्याला आधार म्हणून हा प्रयोग पुरत नाही.

तिसरा प्रवाह मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन यांचा. २००४ मध्ये त्यांनी ६ सद्गुणांखाली २४ चारित्र्यगुणांची यादी मांडली: कुतूहल, धाडस, प्रामाणिकपणा, कृतज्ञता, विनोदबुद्धी वगैरे. इथे बलस्थान म्हणजे स्वभावाचा गुण, कौशल्य नव्हे, आणि ही सरमिसळ ऑनलाइन लिखाणात फार होते.

चाचण्या कशा वाचायच्या

क्लिफ्टन यांच्या चाचणीत विधानांच्या १७७ जोड्या येतात आणि प्रत्येकीला साधारण २० सेकंद मिळतात, त्यात आपल्याला जास्त लागू पडणारी बाजू निवडायची. अशा निवडीतून निघालेला क्रम त्या एकाच माणसाच्या आतला असतो, म्हणजे तुमच्यात कुठला गुण वर आणि कुठला खाली एवढंच त्यातून कळतं, तुमचा पहिला गुण दुसऱ्याच्या दहाव्यापेक्षा जास्त आहे की नाही हे त्यातून सांगता येत नाही. हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण रिपोर्टमधले पहिले पाच गुण दाखवून लोक एकमेकांशी तुलना करत बसतात. पहिले पाच गुण त्याच क्रमाने जुळायची शक्यता ३ कोटी ३० लाखांहून जास्त शक्यतांमध्ये एक, असं जे सांगतात ते गणित म्हणून बरोबर आहे (३४ × ३३ × ३२ × ३१ × ३० = ३,३३,९०,७२०), पण सगळे क्रम सारख्याच वेळा येतात असं धरून केलेलं आहे आणि चाचणीच्या अचूकपणाबद्दल ते काहीच सांगत नाही.

आत्मभान

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांची १९५५ ची चार खान्यांची जोहारी खिडकी (आपल्याबद्दल आपल्याला आणि इतरांना काय माहीत आहे, काय नाही याची आकृती) बहुतेकांनी ट्रेनिंगमध्ये पाहिलेली असते. त्यातला इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही तो खाना इथे महत्त्वाचा. नेमकं काय आपल्याला दिसतं आणि काय नाही याचं जास्त बारीक उत्तर सिमीन वझीर यांच्या २०१० च्या संशोधनात आहे: चिंता, स्वतःबद्दलचा विश्वास अशा आतल्या गोष्टी माणूस स्वतः चांगल्या ओळखतो, पण हुशारी, कल्पकता अशा जिथे स्वतःला बरं-वाईट ठरवायचा मोह असतो तिथे जवळच्या मित्रांचा अंदाज जास्त बरोबर निघतो. म्हणजे नुसतं एकांतात बसून विचार केल्याने बलस्थानं पुरती कळत नाहीत.

यावर मिशिगन विद्यापीठाच्या गटाने काढलेली पद्धत खरोखर करून बघण्यासारखी आहे. घरचे, मित्र, सध्याचे आणि जुने सहकारी अशा १०-२० जणांना विचारायचं की मी सगळ्यात चांगला कधी दिसलो, तो प्रसंग लिहून पाठव. विशेषणं मागायची नाहीत, प्रसंगच मागायचे, कारण "तू खूप समजूतदार आहेस" यातून काही हाती लागत नाही, पण "त्या दिवशी दोघं भांडत होते तेव्हा तू आधी दोघांचं म्हणणं फळ्यावर लिहिलंस" यातून लागतं. मग सगळे प्रसंग समोर ठेवून त्यात काय पुन्हा पुन्हा येतंय ते बघायचं. बऱ्याचदा असं निघतं की जे आपल्याला इतकं सहज येतं की त्यात विशेष काही वाटलंच नव्हतं, तेच लोकांच्या लक्षात राहिलेलं असतं.

कामावरचा परिणाम

इथे पुरावे मिश्र आहेत आणि प्रचार जास्त आहे. सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात आपलं मुख्य बलस्थान आठवडाभर रोज नव्या प्रकारे वापरणाऱ्यांचा आनंद सहा महिन्यांपर्यंत टिकून वाढलेला दिसला. २०१२ मध्ये माँग्रेन आणि अँसेल्मो-मॅथ्यूज यांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा नुसत्या चांगल्या आठवणी लिहिणाऱ्या गटापेक्षा फरक उरला नाही. शिवाय आनंद वाढणं आणि कामगिरी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही विसरून चालत नाही.

फीडबॅकबद्दल क्लूगर आणि डेनिसी यांचं १९९६ चं विश्लेषण अजून पायाभूत मानतात: सरासरीने फीडबॅकने कामगिरी सुधारते, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ती उलट खालावली, विशेषतः बोलणं कामावरून सरकून माणसावर आलं तेव्हा. हे कौतुकालाही लागू होतं. "तू ग्रेट आहेस" यापेक्षा "क्लायंट चिडला होता तेव्हा तू आधी त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत परत सांगितलीस, तिथे कॉल वळला" हे उपयोगी, कारण पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते त्यातून कळतं.

बलस्थान अति वापरलं की तेच नडतं, हा मुद्दा रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबर्ट कायझर यांनी २००९ मध्ये व्यवस्थापकांच्या संदर्भात मांडला. ठामपणाचा हेका होतो, बारकाईने बघणारा हाताखालच्यांचं प्रत्येक काम परत तपासत बसतो, सगळ्यांना सांभाळून घेणारा निर्णय लांबवतो. आणि स्वतःची जमेची बाजू माहीत असली तरी बारीक हिशोब, सुरक्षा नियम, वेळेवर येणं अशा किमान गोष्टींमधली उणीव भरून काढावीच लागते, ड्रकर यांनीही वाईट सवयी सुधारायला स्पष्ट सांगितलेलं आहे. उणिवांकडे बघूच नका असा जो अर्थ पसरलाय तो मूळ लिखाणात नाही.

मुलाखत

वर्तनाधारित, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगात कसं वागलात ते विचारणाऱ्या प्रश्नांचं मूळ जॉन फ्लॅनागन यांच्या १९५४ च्या महत्त्वाच्या प्रसंगांच्या तंत्रात शोधतात, त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिक निवडीच्या कामाची पार्श्वभूमी होती. पुढे गॅरी लेथम आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये "असं झालं तर काय कराल" अशी मुलाखत मांडली, तर टॉम जान्झ यांनी १९८२ मध्ये "असं झालं तेव्हा काय केलंत" अशी. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण, अशा आखीव मुलाखतीला सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या फेरविश्लेषणात नंतरच्या कामगिरीशी ०.४२ इतका सहसंबंध मिळाला, निवडीच्या साधनांमध्ये सगळ्यात वरचा. त्याआधी १९९८ पासून ०.५१ चा आकडा चालत होता, आता नवाच धरावा.

उमेदवाराच्या बाजूने याचा अर्थ सरळ आहे. "मला बारकावे पटकन दिसतात" या वाक्याला मोजपट्टीवर काही मिळत नाही. त्याऐवजी असं बघा: "महिनाअखेरीला गोदामातला साठा आणि रजिस्टर जुळत नव्हतं, सगळे पुन्हा मोजणी करायच्या मागे होते, मी परत आलेल्या मालाच्या पावत्या बाजूला काढल्या तर तोच माल दोन टेबलांवर दोनदा जमा होत होता, मग ती नोंद एकाच टेबलावर करायची असं साहेबांकडून ठरवून घेतलं आणि पुढच्या महिन्यात फरक आला नाही." यात परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम चारही आलं, ज्याला स्टार पद्धत म्हणतात, आणि "बारकावे" हा शब्द एकदाही वापरावा लागला नाही. चांगला मुलाखतकार लगेच विचारतो, पावत्याच का बघाव्याशा वाटल्या? बलस्थान खरं असेल तर या प्रश्नाला उत्तर असतं, कुठून तरी उचललेला प्रसंग असेल तर इथे अडखळायला होतं.

उणीव सांगा म्हटल्यावर "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर इतकं वापरलं गेलंय की ते देऊ नये. आपलंच बलस्थान कुठे अति होतं आणि त्यावर काय सोय केलीय हे सांगणं खरंही असतं आणि तपासताही येतं, उदाहरणार्थ तपासत बसण्याची सवय असलेला सांगू शकतो की आता कामं वाटतानाच कुठली परत बघणार आणि कुठली नाही हे तो ठरवून टाकतो.

थेट बलस्थानांवर बेतलेली मुलाखत हा त्यामानाने नवा प्रकार. ब्रिटिश नागरी सेवेने २०१८ च्या सुमारास आणलेल्या निवड-चौकटीत बलस्थानं हा पाच घटकांपैकी एक आहे, बाकीचे वर्तन, अनुभव, क्षमता आणि तांत्रिक ज्ञान. असे प्रश्न छोटे असतात, "कामाचा कुठला भाग तुम्ही आधी उरकता आणि कुठला मागे ठेवता" या धाटणीचे, एकामागून एक येतात, आणि कुठली बलस्थानं तपासणार ते बहुतेकदा आधी सांगत नाहीत. उत्तराइतकंच ते सांगतानाच्या उत्साहाकडेही लक्ष असतं, त्यामुळे स्टारच्या साच्यातलं लांबलचक उत्तर इथे बसत नाही, दोन-तीन वाक्यांत काय आवडतं आणि का एवढं सांगून, विचारलं तरच प्रसंग द्यावा.