तुलूझमधला विटांचा माड

फ्रान्समधलं तुलूझ म्हटलं की आपल्याकडच्या इंजिनिअर मंडळींना विमानं बनवणारी एअरबस आठवते, मीही कामासाठीच गेलो होतो, पण रविवारी जुन्या गावात भटकताना गल्लीच्या टोकाला अचानक लाल विटांची एक उंचच उंच भिंत समोर आली. बाहेरून अगदी तुरुंग वाटावा अशी. आत गेलो आणि वर गेलेली मान खाली येईना.

हे जॅकोबिन्सचं चर्च आणि मठ. म्हणजे डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ, त्या पंथाची सुरुवातच १२१५ मध्ये तुलूझला झाली. (फ्रेंच राज्यक्रांतीतले ते जॅकोबिन क्रांतिकारक वेगळे, त्यांचा क्लब पॅरिसला याच साधूंच्या मठात भरायचा म्हणून नाव चिकटलं, बाकी काही संबंध नाही.) बांधकाम सुरू झालं १२३० च्या आसपास. आणि सगळं विटांचं, कारण या भागात चांगला दगड जवळ मिळत नाही, नदीकाठची माती मात्र हवी तेवढी. तिथली वीट आपल्यासारखी जाडजूड नसते, साधारण ४२ सेमी लांब, २८ रुंद आणि जाडी फक्त ५, फरशीच म्हणा ना.

आता गंमत बघा. वीट दाबली तर हूं की चूं करत नाही, पण ताणली की लगेच तुटते. मग २८ मीटर उंचीवर विटांचं छत टिकतं कसं? गळ्यातली चेन काढा, दोन्ही टोकं धरून मधे लोंबू द्या. त्या आकारात चेनला फक्त ताण असतो. तोच आकार जसाच्या तसा उलटा केला की फक्त दाब उरतो, म्हणजे विटेला जे आवडतं तेच. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने ही गोष्ट १६७५ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून छापली, तोवर हे चर्च उभं राहून जवळजवळ साडेतीनशे वर्षं झाली होती! त्या गवंड्यांना सूत्र माहीत नव्हतं, नजर होती, आणि आधी कोसळलेल्या कमानींचा अनुभव.

पण कमानीची एक खोड आहे, तिचे पाय बाहेर फाकतात. म्हणून भिंतींना बाहेरून विटांचे जाड टेकू दिलेत. आतमध्ये मात्र चर्चच्या बरोबर मधोमध खांबांची एकच रांग आहे, एक बाजू साधूंना, दुसरी गावकऱ्यांना. डावीकडचं छत जेवढं ढकलतं तेवढंच उजवीकडचं, दोन पैलवान समोरासमोर रेटतायत आणि मधला माणूस निवांत उभा, तसे हे खांब. त्यांना फक्त वरचं वजन खाली जमिनीत सोडायचं, त्यामुळे २२ मीटर उंच असूनही ते जेमतेम दीड मीटर जाडीचे आहेत.

शेवटच्या खांबापाशी खरी अडचण आली असणार. तिथे चर्चचं टोक बहुकोनी, गोलाकार होत जातं, त्यामुळे चहूबाजूंनी येणारा भार एकाच खांबावर. मग त्यातूनच २२ फासळ्या फुटल्या, माडाच्या झावळ्यांसारख्या. हे काम १२७५ ते १२९२ मधलं. लोक त्याला ताडाचं झाडच म्हणतात. बुंध्याशी आरसा ठेवलाय, मान न दुखवता वरचं सगळं बघता येतं. मी वाकलो तर झावळ्यांच्या मधोमध माझंच डोकं!

क्रांतीनंतर साधू गेले आणि नेपोलियनच्या काळात लष्कर आलं. चर्चमध्ये चक्क मजले टाकले, खाली तोफखान्याचे घोडे. १८६५ मध्ये लष्कर हललं, मग शंभरेक वर्षं दुरुस्ती, १९७४ पर्यंत.

ऐकून चीड येते खरी, पण मला लगेच जुन्या गोव्याचं सेंट ऑगस्टीन आठवलं. तेही मठ-चर्च, तिथला बुरूज ४६ मीटरचा, इथला ४५. १८३५ मध्ये साधूंना हाकललं, इमारत ओस पडली आणि १८४२ मध्ये छत कोसळलं. सात वर्षं फक्त! आपला पाऊस सांधे पोखरतो, फटीत झाडं उगवतात, मग त्या चेनचा आकार बिघडतो आणि दाबाच्या जागी ताण येतो. माझा आपला अंदाज, तुलूझला निदान घोड्यांचा चारा भिजू नये म्हणून तरी कुणीतरी वर चढून कौलं बघत असणार.

बहुतेक खिडक्यांच्या काचा विसाव्या शतकातल्या आहेत, उन्हाच्या बाजूला लाल-पिवळ्या, उत्तरेला निळसर. दुपारी खांबाची एक बाजू केशरी दिसत होती, दुसरी थंडगार.

निघालो तेव्हा भुरभुर सुरू झाली होती. सगळे छत्र्या उघडत होते आणि मी भिंतीला टेकून, छपराचं पाणी नेमकं कुठून खाली उतरतंय ते शोधत बसलो.